गुरुवारचं तेल

"डावीकडं म्हैस आहे हो. मागनं तिचं रेडकू येतंय, दमानं येतंय. गेलं. आता बाभळ. आता केळीचा गाडा उभा आहे, गाडीवान पलीकडं बसलाय. आता काय न्हाई. नुसतं ऊन पडलंय."

हा माझ्या आईचा आवाज. गडहिंग्लजहून चाफेवाडीला जाताना मी मागच्या सीटवर वडिलांच्या, आण्णांच्या, वाजवायच्या पेटीला धरून बसलेली असायचे आणि पुढून हा आवाज यायचा. आता तो रस्ता रुंद झाला, बाभळी गेल्या, केळीच्या गाड्यांचे टेम्पो झाले. मी स्वतः गाडी घेऊन त्या वाटेनं जाते. तरी करंजाचा ओढा आला की वाटतं, कुणीतरी शेजारून सांगेल, काय आलं आणि काय गेलं.

आई मुळात गाडीत बोलणारी बाई नव्हती. तिला गाडी लागायची. पदराच्या टोकाला लिंबू बांधून, डोळे मिटून, जीव मुठीत धरून ती बसायची. शेवटच्या काही वर्षांत मात्र तिचं तोंड एकाएकी सुटलं. लिंबू सुटलं, डोळे उघडले आणि ती रस्ता सांगायला लागली. माझा भाऊ, जयसिंगदादा, तिला चिडवायचा. म्हणायचा, "आई, आम्हालाही डोळे दिलेत देवानं." आई हसायची आणि पुढची बाभळ सांगायची. आण्णा एका शब्दानं तिला गप्प बस म्हणाले नाहीत. मला त्याचंच नवल वाटायचं, कारण घरात त्यांना बातम्यांच्या वेळी भांड्याचा आवाजही खपत नसे.

ती गेली, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. शिमगा तोंडावर आला होता. मी निपाणीहून माहेरी आले होते. सकाळी उठून अंगण झाडलं, सडा टाकला, आईच्या जागेवर बसून चार ठिपक्यांची रांगोळी काढली. वर हळदीकुंकवाची बोटं सोडायला वाटी उचलली आणि बघते तर रांगोळीच्या कडेला कुंकू आधीच पडलेलं. एक थेंब, मग एक, मग गाडीच्या पोटाखाली लालभडक चूळ टाकल्यासारखा डाग. मी बोट लावलं. बोट बुळबुळलं.

"आण्णा, गाडीतनं काय गळतंय हे?"

आण्णा ओट्यावर चहा घेत होते. बशी खाली ठेवत म्हणाले, "गिअरचं तेल आहे. गळतंय थोडं. म्हातारी झालीय ती, माझ्यासारखी."

गाडी निळ्या रंगाची, आपोआप गिअर बदलणारी, कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी वापरून जुनी केलेली. तरुणपणी आंब्यावरून पडून आण्णांचा डावा गुडघा धरला होता, क्लच दाबवत नव्हता. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी शोधून शोधून आणली, ती एकाच कामासाठी. दर गुरुवारी चाफेवाडीला आईच्या माहेरी बायकांचं भजन असायचं आणि पेटी आण्णा वाजवायचे. पेटी घेऊन एसटीत चढणं त्या गुडघ्यानं होणारं नव्हतं. आई गेल्यावरही गुरुवार चुकला नव्हता. खरं सांगायचं तर आण्णांच्या आठवड्यात आता गुरुवार तेवढाच उरला होता. बाकीचे वार त्याची वाट बघत बसायचे.

त्या दिवशी दादाचा पुण्याहून फोन आला.

"कुंदे, मी रविवारी येतोय. सोबत गाडीला गिऱ्हाईक घेऊन येतोय."

"आण्णांना विचारलंस?"

"आण्णांना काय विचारायचं? चढाला गाडी नुसती ओरडते, जागची हलत नाही म्हणे. मागच्या महिन्यात घाटात अडकून पडले होते. बाबालाल मेस्त्रीनं जाऊन ओढून आणली. मला तिसऱ्याकडून कळतंय."

"तेल गळून कमी होतंय, म्हणून. गळती सापडली की झालं."

"वर्ष झालं सापडतीय. बरं, रविवारपर्यंत सापडून बंद झाली तर मी गिऱ्हाईकाला चहा पाजून परत पाठवतो. पैजच लाव."

मी पैज लावली. आण्णा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा मला नीट कळला नाही. मी त्यांची बाजू घेतली होती, त्यांना बरं वाटायला हवं होतं. ते म्हणाले, "कशाला उगीच शब्द देतेस." आणि आत जाऊन पेटीवरची धूळ पुसायला लागले.

बाबालाल मेस्त्री आला, गाडीखाली पाठीवर सरकला. मग नुसते पाय बाहेर आणि आवाज आतून.

"ताई, सांगतो म्हणून राग मानू नगा. ह्या गाडीनं माझी अब्रू घेतलीया. आधी म्हटलं शाफ्टचं सील गेलंय. बदललं. गळतंयच. मग म्हटलं पाईप घासलाय. बदलला. मग चेंबरचं पॅकिंग दोनदा बदललं. चार दिस गप ऱ्हाती, पाचव्या दिशी पुन्हा मुतती."

"पण थेंब तर मागच्या बाजूला पडतात."

"तिथंच तर फसतंय. तेल पडतंय तिथनं गळत न्हाई आन् गळतंय तिथं पडत न्हाई. वाऱ्यानं मागं पळतंय. माणसाच्या रागागत हाय ते. दुखणं एकीकडं, भडका दुसरीकडं."

आण्णा ओट्यावरून म्हणाले, "बाबालाल, तू मेस्त्री आहेस का कीर्तनकार?"

"आण्णा, ह्या गाडीखाली निजून निजून कीर्तनकार झालो." तो बाहेर आला. कपाळाला लाल तेल लागलेलं. "एक इचारू? चेंबरचा डावा कोपरा मागं ठोकून सरळ केलेला, तो पुन्हा वाकलाय. तुमी कुठं आपटताय काय?"

"रस्ते तसे आहेत," आण्णा म्हणाले.

"रस्ते तर तसेच हायेत म्हणा," बाबालालनं मान डोलावली. त्या तालुक्यात हे उत्तर कशालाही चालत असे.

चेंबर म्हणजे गिअरच्या पोटाखालचं तेलाचं पसरट भांडं. बाबालालनं ते पुन्हा उतरवलं, ठोकून सरळ केलं, नवं पॅकिंग घालून बसवलं, तेल भरलं. मग सगळं पोट फडक्यानं लखलखीत पुसलं आणि म्हणाला, "आता पावडर आना घरातनं. अंगाला लावत्यात ती. समद्या पोटावर फुंकतो. जिथनं गळंल तिथं आधी भिजंल. मग कशी लपती बघू."

घरात एकच पावडर होती. आईची. कोनाड्यात तिच्या फणीशेजारी तो डबा तसाच होता. आई त्यात वाळ्याची एक काडी टाकून ठेवायची. उन्हाळ्यात पावडर लावली की तिच्या मानेला ओल्या मातीसारखा वास यायचा. मी डबा हातात घेऊन उभी राहिले. आण्णांना विचारावं की विचारू नये, कळेना.

ते मागे येऊन उभे होते. "दे," म्हणाले. "तिलाही गाडीचं कौतुक होतं."

बाबालालनं पावडर तळव्यावर घेऊन फुंकली. गाडीचं काळं पोट भाकरीला पीठ लावावं तसं पांढरं झालं. अंगणभर वाळ्याचा वास सुटला.

दुपारी मी आण्णांना जेवायला वाढलं. उजवीकडं वांग्याची भाजी, मधे भात, डावीकडं मीठ, लिंबू, जवसाची चटणी, काकडीची कोशिंबीर. जवसाची चटणी त्यांच्या जिवाची, म्हणून मुद्दाम कुटली होती. ते भाजी-भाकरी खाऊन, भात संपवून उठायला लागले. डावी बाजू जशीच्या तशी.

"चटणी नको होती?"

"कुठाय?" म्हणाले. मग मान वळवून ताटाकडं बघितलं. "हां. पोट भरलं गं."

मला वाईट वाटलं. आईच्या हातची नाही म्हणून टाकली असेल, असं मनाशी म्हटलं. आणि उगीच आठवलं, आई शेवटी शेवटी त्यांचं ताट उलटं वाढायची. चटणी-कोशिंबीर सगळी उजवीकडं. एकदा आत्या म्हणाली होती, "वहिनी, श्राद्धाचं आहे का ताट असलं वाढायला?" आई ओशाळली नाही. "त्यांना असंच लागतं," एवढंच म्हणाली. म्हातारपणी माणसं विसरतात, आम्ही समजलो.

बुधवारी आण्णांना घेऊन मी बाजारात गेले. गाडी तेच चालवत होते, गावातल्या गावात हळू. परत आल्यावर बाबालालनं खाली वाकून बॅटरी मारली. पावडर कोरडी ठणठणीत. दुसऱ्या दिवशी सकाळीही अंगण स्वच्छ, रांगोळी पांढरी. मला एवढा आनंद झाला की दादाला फोन करून गिऱ्हाईकाला आणू नकोस म्हणून सांगावं वाटलं. बाबालाल मात्र मान खाजवत होता.

"खुश होऊ नगा ताई. आज गुरुवार हाय."

"म्हणजे?"

"काय म्हाईत. पर मागं समद्या खेपा आठवून बघतोय, तर दर खेपेला मला शुक्रवारी बोलावणं आलंया." त्यानं स्वतःच्याच बोलण्याला हात झटकला. "आता गाडीला वार कळतोय म्हटलं तर लोक मला दगडं मारतील."

आण्णांनी दुपारीच धोतर नेसून टोपी घातली. "तू कशाला येतेस? दमशील," ते म्हणाले. मी येणारच म्हटल्यावर त्यांनी किल्ली खिशात टाकली. पेटी उचलून मी मागच्या सीटवर ठेवायला गेले तर म्हणाले, "पुढं ठेव. पेटी पुढंच असते आता."

पेटी आईच्या जागेवर बसली. तिच्यावर आण्णांनी आईची जुनी शाल पांघरली होती. मी मागं बसले.

रस्त्याला कुणी काही सांगत नव्हतं. करंजाच्या ओढ्यापाशी झाडांची पानं गळून रस्ता तपकिरी झाला होता. गाडी चढ सहज चढली, ओरडली नाही. आण्णा रस्त्याच्या मधून चालवत होते, नको इतकं मधून. समोरून ट्रॅक्टर आला की घाईनं आत घ्यायचे. मला वाटलं, वयामुळं असेल. मला वाटलं, रस्ते तसे आहेत.

चाफेवाडीच्या वेशीवर डाव्या हाताला वळणातच म्हसोबाचा दगड आहे. माझ्या लहानपणी तो गुडघ्याएवढा होता. दरवर्षी रस्त्यावर नवा थर पडत गेला, रस्ता उंच होत गेला आणि देव बुटका. आता वीतभर वर उरला होता. वळण आलं, आण्णांनी गाडी डावीकडं घेतली आणि खालून कुणीतरी दात खाल्ल्यासारखा आवाज झाला. खर्र.

"काय लागलं?"

"काही न्हाई. दगडगोटा असेल."

आण्णांच्या मानेवर घाम आला होता. फाल्गुनाची दुपार होती, घाम येणारच.

मामाच्या सोप्यात बायका जमल्या होत्या. गंगूमामी, आईची भावजय, दारातच म्हणाली, "या दाजी. कुंदाक्का बी आली व्हय? बरं झालं. पेटीबिगार भजन म्हंजे मिठाबिगार आंबील."

भजन रंगलं. आण्णा डोळे मिटून वाजवत होते. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर, चेहरा लहान मुलासारखा. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. मनात म्हटलं, यासाठीच गाडी राहिली पाहिजे. काहीही झालं तरी राहिली पाहिजे.

शेवटी चहाच्या आधी मामी म्हणाली, "थांबा, वन्संची ओवी म्हणूया. त्यांनीच रचल्याली. गुरुवारी येताना गाडीत सुचली म्हणत होत्या." आणि तिनं सूर लावला.

डाव्या हाताला ओढा, ओढ्याकाठी निवडुंग,
कंथ चाले उजव्यानं, सावलीगत मी संगं.

डाव्या हाताचं ऊन, उजव्या हाताची सावली,
माझ्या ग कंथासाठी, वाट डोळ्यांनी मापली.

आण्णांचा उजवा हात पेटीवर थांबला. भाता तसाच चालत राहिला आणि नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग त्यांनी सूर पुन्हा पकडला. बायकांना वाटलं, आठवण आली. मलाही तसंच वाटलं.

निघायच्या आधी मामी मला म्हणाली, "चल, म्हसोबाला पाया पडून ये. औंदा देव लई जागृत झालाय." वाटेनं जाताना ती आवाज खाली आणून सांगायला लागली. "आपण त्याला अवसेला शेंदूर-तेल घालतो का न्हाई? पर आता मधीच तेल चढतंय. गुरुवारच्या दिशी. कोण घालतंय ठाव न्हाई. लाल तेल, देवाच्या अंगावनं नुसतं वघळतंय. पाटलाची सून म्हणती, कुणाचा तरी गुपित नवस हाय. तिच्या पोराला ते तेल लावलं तर ताप उतरला."

"कुणी बघितलं नाही घालताना?"

"न्हाई गं. बघायला बसलं तर देव कोपतोय."

दगड शेंदरानं लाल होता आणि रस्त्याकडची बाजू ओली होती. तेल अजून चकाकत होतं. मामीनं हात जोडले, मीही जोडले. मग वाकून, जसं लहानपणापासून करत आले तसं, देवाच्या अंगचं तेल बोटावर घेऊन कपाळाला लावलं.

आणि मला आईचा वास आला.

मी तशीच वाकलेली राहिले. वाळ्याचा वास. ओल्या मातीचा, उन्हाळ्यातल्या तिच्या मानेचा. त्याच्याखाली जळकट, जड, बाबालालच्या फडक्याचा वास. बोटाच्या पेरावर लाल तेलात पांढरी पावडर कणकेसारखी मळली गेली होती.

"काय झालं गं?" मामी म्हणाली. "रडतीस व्हय? रड. वन्सं ह्याच दगडाला हात लावून सासरी गेल्याल्या."

मी तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? देवाचं तेल गाडीच्या पोटातलं आहे, एवढं मला कळलं होतं. गळती सापडली होती, मी पैज जिंकले होते. पण जो दगड आण्णांनी लग्नाच्या वरातीपासून बघितला, ज्याच्यापुढं त्यांनी दर गुरुवारी मान लववली, त्या दगडावर ते दर गुरुवारी गाडी का घालत होते, हे मला कळत नव्हतं. रागानं? आईला नेलं म्हणून देवावर राग? मनात असलंही येऊन गेलं.

सोप्यापाशी परत आले तेव्हा आण्णा गाडीत बसले होते. पुढच्या सीटवर पेटी होती. मी दार उघडून पेटी उचलली, मागं नेऊन ठेवली आणि पुढं बसले. आण्णांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

गाडी वेशीशी आली. आता म्हसोबा उजव्या हाताला होता. आण्णांना तो लांबूनच दिसला. त्यांनी गाडी सावकाश केली, स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून छातीला लावला आणि दगडाला भरपूर जागा सोडून वळण घेतलं. इतकं अलगद, की पाणी भरलेली कळशी मांडीवर असती तरी हिंदकळली नसती.

माझा गोंधळ आणखीच वाढला. येताना न दिसलेला दगड जाताना कसा दिसतो? ऊन तेच होतं, माणूस तोच होता. फक्त बाजू बदलली होती. डोळ्यापुढं त्या दिवशीचं जेवणाचं ताट आलं. उजवी बाजू पुसून खाल्लेली, डावी बाजू भरलेली.

ओढ्याच्या अलीकडं रस्त्याच्या डाव्या कडेनं एक बाई चालली होती. डोक्यावर ओल्या वैरणीचा भारा, तो दोन्ही बाजूंनी लोंबलेला, त्यात तिचं डोकं मानेपर्यंत बुडालेलं. तिला मागचं काही दिसत नव्हतं. गाडी तिच्या दिशेनं सरकत होती. मी आण्णांच्या चेहऱ्याकडं बघितलं. ते समोर, रस्त्याच्या उजव्या बाजूकडं, शांत नजरेनं बघत होते. त्यांच्या जगात ती बाई नव्हती.

ओरडायला तोंड उघडलं आणि त्यातून दुसराच आवाज निघाला. तो माझा नव्हता.

"डावीकडं बाई आहे हो आण्णा. डोक्यावर वैरणीचा भारा आहे. दमानं चाललीय."

आण्णांनी डावीकडं बघितलं नाही. एकदाही नाही. नुसतं स्टिअरिंग उजवीकडं घेतलं. भाऱ्यातलं एक लोंबतं पान माझ्या काचेला घासून गेलं.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"आता?"

"आता काय न्हाई," मी म्हटलं. "नुसतं ऊन पडलंय."

त्यांनी गाडी ओढ्याकाठच्या करंजाखाली थांबवली. इंजिन बंद केलं. खाली कुठंतरी थेंब पडत असेल, एक, मग एक. आम्हाला ऐकू येत नव्हता, पण दोघंही त्याच्याकडंच कान लावून बसलो होतो.

"कधीपासनं?" मी विचारलं.

"गाडी घेतली, त्याच्या पुढच्या वर्षी. एक दिवस सकाळी उठलो तर डोकं जड होतं. दाढी केली. तुझी आई म्हणाली, अर्धीच केलीय." ते थोडं हसले. "मिरजेला जाऊन दाखवून आलो. घरात पेन्शनचं काम सांगितलं. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगलेत, आत डोक्यात एक शीर रुसलीय. गाडी चालवायची न्हाई म्हणाले."

"आईला माहीत होतं?"

"मी सांगितलं न्हाई. तिनं विचारलं न्हाई." त्यांनी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ अंगठ्यानं पुसली. "ह्याच ओढ्यापाशी एकदा डावीकडनं सायकलवाला आला. माझ्या लेखी तो न्हाईच. ती डोळे मिटून लिंबू हुंगत बसलेली. तिला कसं कळलं, देव जाणे. ओरडली न्हाई. 'डावीकडं सायकल आहे हो,' एवढंच म्हणाली. गेलो पुढं. मग म्हणाली, 'आता बाभळ आहे.' त्या दिवसापासनं बोलायची थांबली न्हाई ती. तुम्ही हसायचा. हसू दे म्हणायची."

"आणि ती गेल्यावर?"

"म्हटलं, रस्ता पाठ आहे."

"मग म्हसोबा पाठ नव्हता?"

"म्हसोबा पाठ आहे गं. माझं डावं कुठं संपतं, तेवढं पाठ न्हाई."

ओढ्यातून एक खंड्या उडाला, उजवीकडून डावीकडं. आण्णांची नजर त्याच्याबरोबर गेली आणि मधेच थांबली, जणू पक्षी हवेतच विरघळला. मी तो पलीकडच्या बांधावर बसेपर्यंत बघत राहिले.

त्यांनी किल्ली काढली. माझ्याकडं द्यायला डावा हात पुढं केला आणि हात चाचपडला. गिअरच्या दांड्यावर गेला, रिकाम्या हवेत गेला. मी माझा तळवा त्याच्याखाली नेऊन धरला. किल्ली ऊबदार होती.

"जयसिंगला रविवारी ये म्हणावं. गिऱ्हाईक आणायचं का न्हाई, ते तू त्याच्याशी बोल. पण त्याच्यासमोर, त्या परक्या माणसासमोर, मला हे बोलायला लावू नका." ते थांबले. समोर बघत राहिले, जिथं अजून अर्धा रस्ता त्यांचा होता. "तिला सांगायचं राहिलं. तुला सांगतो, कुंदा. मला डावीकडचं काहीसुद्धा दिसत न्हाई गं."